चीजचा तुकडा आणि नैराश्याची गोळी

क्षयावरच्या इप्रोनियाझिडने रुग्ण खुलतात, असं १९५०च्या दशकात दिसलं आणि ‘एमएओ-रोधक’ गोळ्या नैराश्यावर आल्या. पुढे काहींचं डोकं एकाएकी असह्य दुखू लागलं. रक्तदाब भडकून मेंदूत रक्तस्राव झाले, काही जण दगावलेही. इंग्लंडमधल्या एका औषधविक्रेत्याने कळवलं, की पत्नीला हा त्रास चीज खाल्ल्यावरच होतो. लंडनच्या डॉ. बॅरी ब्लॅकवेल यांनी १९६३मध्ये हा संबंध ‘लॅन्सेट’मध्ये मांडला.

मुरलेल्या चीजमध्ये टायरामिन असतं. आतड्यातलं नि यकृतातलं एमएओ विकर एरवी ते मोडून टाकतं. ही गोळी विकरालाच थोपवते. टायरामिन मग नॉरअॅड्रेनलिन बाहेर काढतं, रक्तवाहिन्या आवळतात.

म्हणून नर्स बजावते: जुनं चीज, सोया सॉस, पिंपातली बिअर बंद, गोळी थांबवल्यावरही दोन आठवडे. ताजं पनीर चालतं. सर्दीची गोळी मात्र विचारल्याशिवाय नको.

आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिनला हे पथ्य नाही; उगाच ताट रिकामं करू नका. पण हट्टी क्षयावरचं लिनेझोलिडही एमएओला सौम्यपणे रोखतं. ते सुरू होताना नैराश्याची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.