निळा दिवा उशिरा का लागला?

जुन्या विजेच्या माळेत रंग काचेवर असायचा. नखाने खरवडला की आतली पिवळसर तार दिसायची. आजच्या माळेतला निळा रंग असा खरवडून निघत नाही. मोहरीहूनही लहान अशा स्फटिकातून तो थेट निळाच बाहेर पडतो.

अर्धवाहक म्हणजे दुमजली घर समजा. खालच्या मजल्यावरचे इलेक्ट्रॉन अणूंच्या बंधांत अडकलेले, वरच्या मजल्यावरचे हिंडायला मोकळे. मधल्या अंतरात त्यांना थारा नाही. हे ऊर्जेचं अंतर सिलिकॉनमध्ये १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट, तर गॅलियम नायट्राइडमध्ये ३.४. प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, तेवढी ऊर्जा घेऊन आला तर इलेक्ट्रॉन वर चढतो. कमी पडली तर प्रकाश आरपार निघून जातो. हप्त्याने भरण्याची सोय नाही. सौरपटल चालतं ते या चढण्यावर. एलईडीत उलटं घडतं: वरचा इलेक्ट्रॉन खालच्या रिकाम्या जागेत उतरतो आणि उरलेली ऊर्जा फोटॉन होऊन बाहेर पडते. अंतर जेवढं, तसा रंग. सिलिकॉनमध्ये मात्र उतरताना इलेक्ट्रॉनला संवेगही बदलावा लागतो, त्यामुळे बहुतेक ऊर्जा उष्णतेत जाते. संगणकाचा हा राजा दिवा म्हणून कुचकामी.

लाल रंगाला सुमारे १.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये अमेरिकेत लाल एलईडी पेटवला. निळ्याला २.७ लागतात. त्यासाठी गॅलियम नायट्राइड योग्य, हे ठाऊक होतं. अडचण स्फटिकाची होती. तो नीलमच्या चकतीवर वाढवत, पण दोघांच्या अणूंची मांडणी जुळत नसे आणि तडे जात. नागोया विद्यापीठात इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो यांनी मधे अॅल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर दिला, आणि १९८६ मध्ये नितळ स्फटिक हाती आला.

तरी रिकाम्या जागा हव्याच होत्या. त्यासाठी मिसळलेलं मॅग्नेशियम काही केल्या काम करेना. आपलं गॅलियम नायट्राइड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जास्त चमकतं, हे या दोघांच्या लक्षात आलं; १९८९ मध्ये इलेक्ट्रॉनांच्या झोताने त्यांनी तो प्रश्न सोडवला. कारण उलगडलं ते तोकुशिमातल्या निचिया कंपनीच्या शुजी नाकामुरा यांना: मॅग्नेशियमला हायड्रोजनने जखडलं होतं आणि नुसतं तापवूनही ते सुटत होतं. इंडियम मिसळून अंतर निळ्यापर्यंत खाली आणलं, आणि १९९३ मध्ये झगझगीत निळा दिवा लागला. तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. घरातला पांढरा एलईडीही बहुधा निळाच असतो. वर पिवळा उजेड देणाऱ्या पावडरीचा लेप असतो, एवढंच.

माळ उतरवाल तेव्हा एक करून पाहा. सुटा लाल एलईडी मल्टिमीटरला जोडून उन्हात धरा. व्होल्टभर दाब दिसेल, कारण चढणं-उतरणं एकाच घरातलं. मग निळा एलईडी जोडा आणि त्यावर फक्त लाल उजेड टाका. मीटर हलणार नाही. लाल फोटॉनची उडी तिथवर पोचत नाही.