ताटातलं वहीत

मधुमेहाचं निदान झालं, वजन वाढलं किंवा पोट वारंवार बिघडू लागलं, की डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ पहिल्यांदा एकच काम सांगतात: आठवडाभर जे खाल ते लिहून आणा. सुरुवात उत्साहात होते. नवी वही येते, पहिल्या पानावर सकाळच्या चहापासून रात्रीच्या दुधापर्यंत सगळं उतरतं. चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारचं जेवण लिहायचं राहतं, मग एखादं लग्न येतं, आणि वही कपाटात जाते. ती का सुटते याची चर्चा भरपूर होते. मला जास्त मोलाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: ज्यांनी खाल्लेल्याची नोंद वर्षानुवर्षं ठेवली, त्यांना कशाने धरून ठेवलं? चारशे वर्षं मागे गेलं तर अशी माणसं भेटतात, आणि या वाटेवरचे काही महत्त्वाचे टप्पे आपल्या पुण्यातले आहेत.

पहिलं नाव सान्तोरिओ सान्तोरिओ याचं. इटलीतल्या पादुआ विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकवणाऱ्या या वैद्याने छतातून खाली आलेल्या तराजूच्या दांडीला एक खुर्ची टांगली होती. तिच्यावर बसून तो जेवायचा. खाण्यापिण्याचं वजन, स्वतःचं वजन आणि मलमूत्राचं वजन तो लिहून ठेवी. ठरवलेलं अन्न पोटात गेलं की खुर्ची थोडी खाली येई आणि जेवण थांबवायची वेळ झाली हे कळे. हा उद्योग त्याने पंचवीस-तीस वर्षं केला आणि 1614 साली त्यातून निघालेले निष्कर्ष पुस्तकरूपाने छापले. एवढी वर्षं तो थांबला नाही, कारण त्याला एक कोडं पडलं होतं. आत जाणाऱ्या अन्नाचं वजन आणि बाहेर पडणाऱ्या मलमूत्राचं वजन यांचा मेळ बसत नव्हता. उरलेलं जातं कुठे? श्वासावाटे आणि त्वचेवाटे, डोळ्यांना न दिसता, हे त्याचं उत्तर. चयापचयाच्या अभ्यासाची सुरुवात या नोंदींपासून मानतात. वजन घटवावं म्हणून त्याने आकडे लिहिले नाहीत. त्याला काहीतरी शोधून काढायचं होतं, आणि रोजचं पान त्या शोधाचा पुढचा तुकडा होतं.

त्यानंतर अडीचशे वर्षांनी लंडनमध्ये विल्यम बँटिंग या गृहस्थाला वेगळ्याच गोष्टीने लिहितं केलं. अंत्यविधींची व्यवस्था पाहणं हा त्याचा व्यवसाय. साठी उलटलेली, उंची पाच फूट पाच इंच आणि वजन 202 पौंड, म्हणजे साधारण 92 किलो. बुटाची नाडी वाकून बांधता येईना, जिना उतरायचा तर पाठमोरं उतरावं लागे. डॉक्टरांनी आहार बदलून दिला आणि सुमारे वर्षभरात 46 पौंड उतरले. 1863 साली त्याने स्वतःच्या खर्चाने एक पुस्तिका काढली. त्यात आधी काय खात होतो, आता सकाळी, दुपारी, रात्री काय खातो आणि कोणत्या तारखेला किती वजन भरलं, हे सगळं मांडलं. लोकांनी ती पुस्तिका उचलून धरली आणि तिच्या आवृत्त्या निघाल्या. आपल्यासारखा त्रास भोगणाऱ्या दुसऱ्याला उपयोग व्हावा ही त्याची तळमळ पानापानावर दिसते. ज्या नोंदीला वाचक असतो ती नोंद टिकते, याचं हे जुनं आणि बोलकं उदाहरण आहे.

आपल्याकडे ही सवय सर्वांत निष्ठेने पाळली ती गांधीजींनी. लंडनला बॅरिस्टरी शिकताना ते पै-पैचा खर्च लिहीत आणि रात्री झोपण्यापूर्वी जमाखर्च जुळवत. हाताने स्वयंपाक करणं, मसाले सोडणं, एखादा पदार्थ काही दिवस बंद करून बघणं हे प्रयोग त्याच काळात सुरू झाले. 1915 साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी व्रत घेतलं: चोवीस तासांत पाचांहून जास्त पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर काही खायचं नाही. आजारपणात औषध या पाचांत धरायचं की नाही याचाही त्यांनी विचार केला आणि धरायचंच असं ठरवलं. हे व्रत तेरा वर्षं पाळल्याचं त्यांनी आत्मकथेत नोंदवलं आहे. मला यातली रचना महत्त्वाची वाटते. पाच हा आकडा बोटांवर मोजता येतो. त्याला तराजू लागत नाही, तक्ता लागत नाही. संध्याकाळी फक्त विचारायचं: आज किती झाले? पुढे 1942 साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावरचं छोटं पुस्तक लिहिलं. त्यातही बैठं काम करणाऱ्या माणसाने रोज दूध, धान्य, पालेभाजी, तूप, गूळ किती घ्यावं याची मापं दिलेली आहेत.

दरम्यान अमेरिकेत आहाराच्या वहीत कॅलरीचा रकाना शिरला होता. विल्बर ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माणसाला बंद खोलीत ठेवून त्याच्या शरीरातून निघणारी उष्णता मोजली. एक ग्रॅम प्रथिनाला चार, कर्बोदकाला चार आणि स्निग्धाला नऊ कॅलरी हा हिशेब तिथून आला. 1918 साली लुलू हंट पीटर्स या डॉक्टर बाईंच्या पुस्तकाने तो घराघरांत पोहोचवला. भारतात हे काम नीलगिरीतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत झालं. भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे तक्ते 1930 च्या दशकात तिथे तयार झाले. ती संस्था 1958 मध्ये हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. 2017 च्या तिच्या तक्त्यांत 528 भारतीय अन्नपदार्थांचं पृथक्करण आहे. नाचणी, राजगिरा, शेवग्याचा पाला यांचे आकडे हाताशी नसते, तर आपली वही परक्या पदार्थांच्या अंदाजावर चालली असती.

आकडे आले तशी एक नवी अडचणही आली: एका दिवसाच्या नोंदीवरून माणसाबद्दल काय म्हणता येतं? यावर पुण्यात मोठा वाद झाला. 1971 साली गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी माणशी रोज 2250 कॅलरी ही कसोटी धरून देशातल्या दारिद्र्याचा अंदाज मांडला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जागतिक अन्न व शेती संघटनेत वीस वर्षं काम करून पुण्याला परतलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी या कसोटीवर आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं असं, की निरोगी माणूसही रोज सारखं खात नाही. त्याचं खाणं दिवसागणिक आणि आठवड्यागणिक वरखाली होतं, आणि शरीर त्या चढउताराशी जुळवून घेतं. त्यामुळे सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी, असं समजू नये. या म्हणण्यातून गरिबांच्या भुकेकडे दुर्लक्ष होईल, अशी टीका त्यांच्यावर झाली आणि त्या टीकेत तथ्य होतं. धोरण आखताना उपाशी माणसाला संशयाचा फायदा द्यायलाच हवा. पण घरातल्या वहीपुरतं सुखात्म्यांचं निरीक्षण सोन्यासारखं आहे. मंगळवारी पुरणपोळ्या झाल्या म्हणून वही बिघडत नाही. एक दिवस म्हणजे आपण नव्हे. दोन-तीन आठवड्यांची पानं एकत्र वाचली की आपलं खाणं दिसू लागतं.

लिहिण्यातली खरी अडचण काय असते हे घरोघरी जाऊन विचारणाऱ्यांना ठाऊक असतं. 1972 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय पोषण संनियंत्रण विभागाचे कार्यकर्ते महाराष्ट्रासह अनेक राज्यांत ठरावीक मापांच्या वाट्या घेऊन जात. काल किती तांदूळ शिजवला, किती डाळ टाकली, शिजलेला भात पातेल्यात कुठवर होता, त्यातला कोणाच्या वाट्याला किती आला, असे प्रश्न ते विचारत. आपल्या घरात ‘एक वाटी भाजी’ लिहिताना ती वाटी कोणती, हे आपण स्वतःलाही विचारत नाही. त्याहून निसटतं ते ताटाबाहेरचं. आमटीची चव बघताना घेतलेली पळी, पोरांच्या ताटातलं उरलेलं, वाया जाऊ नये म्हणून संपवलेली अर्धी पोळी, शेजारून आलेल्या प्रसादाचा शिरा. घरातली बाई बहुतेक वेळा उभ्या उभ्या, तुकड्यातुकड्याने खाते, आणि तेच लिहायचं राहतं.

हे राहणं किती मोठं असू शकतं याचं मोजमाप 1992 साली न्यूयॉर्कमध्ये झालं. कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या दहा जणांनी लिहिलेला आहार आणि प्रत्यक्ष आहार ताडून पाहिला, तेव्हा लिहिलेला आकडा सरासरी 47 टक्क्यांनी कमी निघाला. ही माणसं खोटारडी नव्हती. आठवणीतून बारीकसारीक खाणं गळतं, आणि लिहिताना आपल्याला शोभेल तेवढंच हात लिहितो. म्हणून रात्री बसून दिवसभराचं आठवण्यापेक्षा खाल्ल्याबरोबर दोन शब्द टिपणं बरं. आणि जो ती वही वाचणार, तो डॉक्टर असो वा नवरा, त्याने ती रागावण्यासाठी वाचू नये. ओरडा बसणार असेल तर वही खोटं बोलू लागते, आणि खोटी वही कोणी फार दिवस चालवत नाही.

वहीत नेमकं काय लिहावं याचं मला पटलेलं उत्तर पुन्हा पुण्याजवळचंच आहे. 1990 च्या दशकात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास केला. काल काय खाल्लं हे तर विचारलंच, शिवाय कोणता पदार्थ किती वेळा खाण्यात येतो हेही विचारलं. बाळांची वजनं आणि मापं घेतल्यावर दिसलं, की एकूण कॅलरी आणि प्रथिनांपेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाण्यात आलं याचा बाळाच्या वाढीशी जास्त स्पष्ट संबंध होता. म्हणजे ‘आठवड्यात पालेभाजी किती वेळा?’ हा साधा प्रश्न मोठ्या बेरजेपेक्षा अधिक सांगून गेला. ज्याला कॅलरीच्या बेरजा झेपत नाहीत त्याने पालेभाजी, फळ, डाळ आणि तळलेलं अशा चार रकान्यांत खुणा केल्या तरी ती पूर्ण वही आहे.

मोबाइल आल्यावर लिहिणं सोपं झालं. मायफिटनेसपाल 2005 मध्ये आलं, बंगळूरचं हेल्दीफायमी 2012 मध्ये, आणि पोहे, थालीपीठ, मिसळ यादीत सापडू लागले. पण यंत्र बदललं तरी माणूस तोच राहिला. 2008 साली अमेरिकेत सुमारे 1700 जणांच्या अभ्यासात, सहा महिने रोज नोंद ठेवणाऱ्यांचं वजन अजिबात न ठेवणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट उतरलं. लिहिणारा मुळातच मन लावणारा असतो, हे त्यात धरलंच पाहिजे. पण त्या अभ्यासातली माणसं दर आठवड्याला एकत्र भेटत होती, हेही विसरू नये. 2019 च्या दुसऱ्या एका अभ्यासाने मला जास्त धीर दिला. पहिल्या महिन्यात नोंदीला रोज सुमारे 23 मिनिटं लागत होती, सहाव्या महिन्यात ती 15 वर आली. ज्यांचं वजन जास्त उतरलं ते दिवसातून जास्त वेळा, थोडं थोडं लिहीत होते. सुरुवातीचा जडपणा कायमचा नसतो, हे वही टाकून द्यायच्या बेतात असलेल्या प्रत्येकाला सांगायला हवं.

एक इशारा इथे दिलाच पाहिजे. काही जणांच्या बाबतीत, विशेषतः वाढत्या वयाच्या मुलामुलींत, कॅलरी मोजण्याचा ध्यास लागतो आणि जेवणाची भीती बसते. खाण्याशी निगडित मानसिक आजारांवर उपचार करणारे तज्ज्ञही रुग्णाला नोंद ठेवायला सांगतात. मात्र तिच्यात वेळ, जागा, पदार्थ आणि त्या क्षणी मनात काय होतं एवढंच असतं. कॅलरी लिहायची नसते. आकड्यांनी घाबरायला होत असेल तर आकडे सोडावेत आणि तज्ज्ञांना भेटावं.

हा सगळा मागोवा घेतल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. आहाराची वही निश्चयाच्या बळावर टिकत नाही, ती प्रश्नाच्या बळावर टिकते. ‘मी नीट खाल्लं पाहिजे’ हा प्रश्न नव्हे. ‘उपवासाच्या साबुदाण्यानंतर दोन तासांनी माझी साखर किती जाते?’ हा प्रश्न. ‘दूध बंद केल्यावर पोट शांत राहतं का?’ हाही प्रश्न. उत्तर मिळालं की ती वही खुशाल मिटावी. तिचं काम झालेलं असतं, आणि पुढचा प्रश्न पडेल तेव्हा नवी उघडता येते.

म्हणून आज वही सुरू करणाऱ्यांना आणि सोडून दिलेली पुन्हा हाती घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: पहिल्या पानावर जेवण लिहिण्याआधी प्रश्न लिहा. मापं घरातल्याच वाटी-पळीची ठेवा, पण वाटी एकच ठरवा. गणपतीत किंवा लग्नसराईत खाडा पडला तर मागचं आठवून भरत बसू नका, त्या दिवसापासून पुढे लिहा. न रागावता वाचणारं एक माणूस शोधा. आणि घरात कोणी अशी वही घेऊन बसलं असेल, तर ते माणूस तुम्ही व्हा.