लेप विजेचा, कस भट्टीचा

गाडीचा सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवायचा, वीज सोडायची आणि हात पोचणार नाही अशा सांधी-कोपऱ्यांतही रंग चढवायचा, ही पद्धत फोर्ड कंपनीने १९६०च्या दशकात कारखान्यात आणली. आपल्याकडे वाहन कारखान्यांत तिला नुसते ‘सीईडी’ म्हणतात. तिचे मूळ मात्र जुने आहे. ओल्या मातीतून वीज सोडली की मातीचे कण सरकतात, हे मॉस्कोत रॉइस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच पाहिले होते. १९४० मध्ये हामाकर यांनी त्याचे गणित मांडले: विद्युतक्षेत्र, पृष्ठभाग, कणांचे प्रमाण आणि वेळ वाढवा, तसा थर वाढतो.

हीच युक्ती आता पीईईके या पॉलिमरसाठी वापरली जाते. हे थर्मोप्लास्टिक आयसीआय या ब्रिटिश कंपनीत १९७०च्या दशकाच्या अखेरीस जन्मले. ३४३ अंश सेल्सियसला वितळणारे हे प्लास्टिक २५० अंशांपर्यंतची उष्णता दीर्घकाळ सोसते. संहत गंधकाम्ल सोडले तर नेहमीच्या कोणत्याही द्रावकाला ते दाद देत नाही. हीच त्याची थोरवी आणि हीच अडचण, कारण जे विरघळत नाही ते रंगासारखे फासायचे कसे?

म्हणून त्याची बारीक भुकटी करून इथेनॉलमध्ये ढवळतात. पाणी इथे त्रासदायक, कारण विजेने त्याचे विघटन होऊन निघालेले बुडबुडे थरात भोके पाडतात. इथेनॉलमध्ये भुकटीच्या कणांवर बहुधा ऋण भार असतो, म्हणून ते धनाग्राकडे धावतात. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारे कायटोसान मिसळले, की भार पालटतो आणि थर ऋणाग्रावर बसू लागतो. काही मिनिटांत काम होते.

पण बाहेर काढलेला पत्रा पाहून कुणी हुरळून जाऊ नये. त्यावर असतो खडूसारखा पांढरा, सच्छिद्र थर, बोट फिरवले तरी निघून येणारा. वाळवताना घाई झाली तर त्याला भेगा पडतात. शोधनिबंधांत व्होल्टेजची कोष्टके ऐटीत मांडलेली असतात; माझ्या मते खरी परीक्षा त्यापुढे, भट्टीत आहे. तापमान वितळबिंदूच्या वर गेले की कण एकमेकांत मिसळतात, छिद्रे बुजतात आणि लेप धातूला घट्ट धरतो. मग थंड कसे करायचे, हा प्रश्न. झटकन थंड केले तर रेणूंना रांगेत बसायला सवड मिळत नाही आणि लेप अस्फटिक राहतो. सावकाश निववला तर अंशतः स्फटिक होतो, अधिक कठीण आणि ओरखड्यांना जास्त दाद न देणारा. भुकटी तीच, वीज तीच, तरी गुण वेगळे. पोलंडमधल्या क्राकोच्या एजीएच विद्यापीठात टायटॅनियम मिश्रधातूंवर या विषयाचे चिवट काम झाले आहे.

टायटॅनियमच का? सांध्यांच्या आणि हाडांच्या रोपणांत तो वापरतात, पण घर्षणाला तो कच्चा. पीईईकेचा लेप झीज रोखतो. मात्र हाड त्याच्याशी आपणहून जुळत नाही. म्हणून जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये बोकाचिनी यांच्या गटाने त्यात बायोग्लास मिसळला. लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये शोधलेली ही काच हाडाशी सांधते.

जंतुसंसर्ग रोखणारे औषध मात्र त्याच भुकटीत घालता येत नाही. भट्टीत ते जळून जाईल. त्यासाठी लेप भाजून झाल्यावर औषधाचा वेगळा थर चढवावा लागतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पीईईके, बायोग्लास आणि बोरॉन नायट्राइडच्या लेपावर चढवलेल्या थरात हळदीतले कुरकुमिन होते. शरीरात असे औषध किती दिवस झिरपत राहावे, हे ठरवण्याचे काम आता रसायनतज्ज्ञांइतकेच शल्यविशारदांचेही आहे.