विश्लेषण : मढच्या किल्ल्यात प्रवेश नाही, मग ऐतिहासिक घर आतून पाहायचे कुठे, आणि ते खुले राहते कसे?

मढला किल्ला आहे, पण आत सहज जाता येत नाही. जुनी घरे आहेत, पण त्यांची टूर नाही. मुंबईत मात्र काही घरे आतून पाहता येतात. घराचे स्मारक होते ते कोणाच्या पैशाने, कोणाच्या परवानगीने आणि कोणाच्या जिवावर?

वर्सोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली की काही मिनिटांत मढ येते. रस्त्याने यायचे तर मालाड, मार्वे असा लांबचा वळसा; मालाड स्थानकाबाहेरून बेस्टची २७१ क्रमांकाची बस मढ जेट्टीपर्यंत येते. सुट्टीच्या दिवशी या दोन्ही मार्गांनी येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना किल्ला पाहायचा असतो. मोबाइलवर नकाशा उघडला की तो दिसतो, फोटोही दिसतात. प्रत्यक्षात माणूस दरवाजापर्यंत जातो आणि परत फिरतो.

किल्ला बंद का?

मढचा किल्ला, ज्याला वर्सोवा किल्ला असेही म्हणतात, पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधला. मालाडच्या खाडीच्या तोंडावर नजर ठेवणे हे त्याचे काम. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत फेब्रुवारी १७३९ मध्ये तो मराठ्यांकडे आला, त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. पुढे १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली तेव्हा हाही त्यांच्याकडे गेला. आज तो हवाई दलाच्या ताब्यात आहे, कारण शेजारीच दलाचा तळ आहे. त्यामुळे पूर्वपरवानगीशिवाय प्रवेश नाही. बाहेरची तटबंदी बऱ्यापैकी शाबूत, आतली पडझड मोठी. आत तसे घर नाहीच. ती पहाऱ्याची चौकी होती.

गंमत अशी की ‘जुना वाडा’ म्हणून आपण पडद्यावर जे पाहतो, त्यातले कितीतरी मढचे असते. इथले बंगले चित्रपट आणि मालिकांच्या चित्रीकरणासाठी भाड्याने जातात. एकच बंगला सकाळी जमीनदाराची हवेली आणि रात्री भुताटकीचे घर होऊ शकतो. २०२३ मध्ये मढ-मार्वे परिसरातील बेकायदा स्टुडिओंवर पालिकेने हातोडा चालवला, तेव्हा खोट्या वाड्यांचा हा उद्योग केवढा आहे ते बातम्यांतून दिसले. खरी जुनी घरे त्याच्या पलीकडे, कोळीवाड्यात आणि एरंगळच्या बाजूला आहेत. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

मणिभवनात नेमके काय पाहायचे?

मढहून ऐतिहासिक घर पाहायला निघायचे तर सर्वात सोपे ठिकाण गामदेवीतले मणिभवन. फेरीने वर्सोवा, रिक्षाने मेट्रो स्थानक, मेट्रोने अंधेरी, तिथून लोकलने ग्रँट रोड आणि पुढे चालत.

लॅबर्नम रोडवरचे हे दुमजली घर जवाहिर रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे. ते गांधीजींचे स्नेही. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की मुक्काम बहुधा इथेच असे. पुढे घर गांधी स्मारक निधीकडे आले आणि १९५५ पासून ते संग्रहालय म्हणून खुले आहे. तळमजल्यावर ग्रंथालय, वर छायाचित्रे आणि कागदपत्रे, दुसऱ्या मजल्यावर गांधीजींची खोली. बाजूच्या दालनात त्यांचे आयुष्य छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांतून मांडले आहे. लहान मुले सर्वाधिक वेळ तिथेच काढतात.

पण नुसते वर चढून, काचेतून खोली पाहून आणि सेल्फी काढून उतरले तर हे घर अर्ध्या तासात संपते. गादी, चरखे, बैठे मेज. एवढेच. इथे सांगणारा माणूस सोबत असेल तर फरक पडतो, कारण घरातल्या घटना वस्तूंमध्ये दिसत नाहीत. शाळेची सहल किंवा हेरिटेज वॉकचा गट आत असेल तर कान तिकडे लावावेत. नसेल तर काही गोष्टी आधी माहीत असाव्यात.

उदाहरणार्थ दूध. मोठ्या आजारानंतर गांधीजी अशक्त होते, डॉक्टर दूध घ्या म्हणत होते आणि त्यांनी दूध न घेण्याचे व्रत घेतलेले. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, मग शेळीचे दूध चालेल की, हा तोडगा कस्तुरबांचा. ही गोष्ट १९१९ च्या जानेवारीतली, याच घरातली. पुढे शेळी ही त्यांची ओळखच झाली, व्यंगचित्रांत तर चष्म्याच्या बरोबरीने.

किंवा पिंजण. रस्त्याने जाणाऱ्या पिंजाऱ्याकडून कापूस पिंजण्याचे पहिले धडे त्यांनी इथेच घेतले. चरख्याचे तत्त्वज्ञान पुस्तकांत सापडते. तो शिकायला कोणीतरी कारागीर लागला होता, हे अशा घरात कळते.

रौलट कायद्याविरोधातील सत्याग्रहात ७ एप्रिल १९१९ रोजी ‘सत्याग्रही’ हे पत्रक निघाले, त्याचा संबंधही या घराशी. छापखाना कायद्यानुसार नोंदणी न करता ते मुद्दाम काढले होते, म्हणजे छापणे हाच कायदेभंग. नोव्हेंबर १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत आला तेव्हा बहिष्काराचे रूपांतर दंगलीत झाले. ती थांबावी म्हणून गांधीजी इथेच उपोषणाला बसले. आणि गच्ची. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे, अंधारातच, पोलिसांनी त्यांना गच्चीवरच्या तंबूतून अटक केली आणि येरवड्याला नेले.

१४ ऑगस्ट १९३१ : फलकापेक्षा मोठी भेट

मराठी वाचकाने या घरात जाण्याचे माझ्या मते सर्वात मोठे कारण वेगळेच आहे. गांधी आणि आंबेडकर यांची पहिली भेट इथे झाली. तारीख १४ ऑगस्ट १९३१, वेळ दुपारची. दुसरी गोलमेज परिषद तोंडावर होती. भेट सौहार्दाची नव्हती. काँग्रेसने अस्पृश्यांसाठी ठरावांपलीकडे काय केले, आणि जिथे माणूस म्हणून पाणीही मिळत नाही त्या देशाला आपली मायभूमी कसे म्हणायचे, असा आंबेडकरांचा सवाल होता. आंबेडकर हे अस्पृश्यांच्या प्रश्नावर तळमळणारे कोणी ब्राह्मण असावेत असा गांधीजींचा तोपर्यंत समज होता, हे त्यांचे सचिव महादेव देसाई यांच्या नोंदींतून पुढे आले आहे. देशातील एवढ्या मोठ्या नेत्याचा असा समज असावा, यातच त्या काळातले अंतर दिसते.

पुढचा क्रम लक्षात घ्या. ऑगस्टमध्ये ही भेट, मग लंडनच्या परिषदेत दोघांचे जाहीर मतभेद, जानेवारीत याच घराच्या गच्चीवरून गांधीजींना अटक, आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी त्याच येरवडा तुरुंगातल्या गांधीजींच्या उपोषणामुळे झालेला पुणे करार. एका घराच्या खोलीपासून गच्चीपर्यंत एवढा इतिहास मावतो. म्हणून त्या काचेपुढे दोन मिनिटे जास्त थांबायला हरकत नाही.

दुसरी बाजू पाहायची तर दादर

परतीच्या वाटेवर दादरला उतरावे. हिंदू कॉलनीतले राजगृह आंबेडकरांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधून घेतले. नाव मगधाच्या प्राचीन राजधानीवरून. घर बांधताना पहिला विचार पुस्तकांचा होता. त्यांच्या संग्रहाचा आकडा ५० हजारांच्या घरात सांगितला जातो. तळमजल्यावरचे दालन लोकांसाठी, वर कुटुंबाचा निवास. म्हणजे हे एकाच वेळी स्मारक आणि राहते घर आहे. हे सोपे नसते. जुलै २०२० मध्ये इथे तोडफोड झाली तेव्हा राज्यभर संताप उसळला. संग्रहालयाला रात्री कुलूप लावून सगळे घरी जातात. इथे कुलपाच्या आत माणसे होती.

तिसरा पर्याय मलबार हिलवरचे राज्यपालांचे निवासस्थान, ज्याला आपण राजभवन म्हणत आलो. पूर्वनोंदणी करून आणि ओळखपत्र दाखवून तिथे मार्गदर्शकासह फेरी होते. २०१६ मध्ये सापडलेले १३ खोल्यांचे ब्रिटिशकालीन भुयार हे तिथले आकर्षण. मला त्याहून रंजक वाटते ते राज्यपाल तिथे गेले कसे हे. आधी गव्हर्नर परळला राहत. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा तिथे कॉलऱ्याने मृत्यू झाला आणि १८८५ पासून मुक्काम मलबार पॉइंटला हलला. परळच्या त्या रिकाम्या महालात पुढे प्लेगच्या लसीचे काम झाले. आजची हाफकिन संस्था तीच.

लंडनमधल्या घराचे प्रकरण काय होते?

‘घर विकत घ्या आणि स्मारक करा’ ही मागणी आपल्याकडे सतत होते. ते किती किचकट असते हे महाराष्ट्र सरकारने लंडनमध्ये अनुभवले. १० किंग हेन्रीज रोड या घरात विद्यार्थी आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले होते. राज्य सरकारने २०१५ मध्ये ३० लाख पौंडांहून अधिक किमतीला ते विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटनही झाले.

अडचण नंतर आली. निवासी घराचे संग्रहालय करणे म्हणजे वापरबदल, आणि त्यासाठी स्थानिक कॅम्डेन कौन्सिलची परवानगी लागते. ती घेतलेली नव्हती. नंतर केलेला अर्ज कौन्सिलने २०१८ मध्ये फेटाळला. मुख्य मुद्दा असा की शहरातील राहण्याची एक जागा कमी होते. येणाऱ्या गर्दीबद्दल काही शेजाऱ्यांच्या तक्रारी होत्याच. २०१९ मध्ये जाहीर सुनावणी झाली. अखेर मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने स्मारकाला मंजुरी दिली.

कौन्सिलला खलनायक ठरवणे सोपे आहे. पण हाच प्रश्न मुंबईत विचारून पाहा. तुमच्या इमारतीतल्या किंवा गल्लीतल्या एका घरात रोज दोनशे माणसे येणार असतील, तर सोसायटीच्या सभेत काय होईल?

मुंबईचा कायदा जुन्या घराला वाचवतो का?

काही प्रमाणात. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली आली. शहराच्या पातळीवरची अशी देशातली ती पहिली. वास्तूंची श्रेणी एक, दोन आणि तीन अशी वर्गवारी होते आणि बदलासाठी वारसा संवर्धन समितीचे मत घ्यावे लागते. श्रेणी एकला हात लावणे जवळपास अशक्य, श्रेणी तीनमध्ये बरीच मोकळीक.

यात दोन अडचणी आहेत. घर यादीत नसेल तर कायद्याच्या लेखी ते फक्त जुने बांधकाम असते. आणि यादीत असेल तर पाडता येत नाही, पण कौले बदलायला पैसे कोण देणार, हा प्रश्न मालकाकडेच राहतो. हस्तांतरणीय विकास हक्काची, म्हणजे टीडीआरची तरतूद आहे. पण चार भावांच्या नावावरचे, सातबारा आणि सिटी सर्व्हेच्या कागदांत अडकलेले घर त्या टेबलापर्यंत पोहोचायलाच वर्षे जातात. मणिभवन टिकले कारण त्यामागे संस्था उभी राहिली. राजगृह टिकले कारण कुटुंब आणि समाज दोन्ही मागे आहेत.

मग मढचे काय?

मढ-एरंगळला सांगण्यासारखे कमी नाही. एरंगळच्या किनाऱ्यावरचे सेंट बोनाव्हेंचर चर्च सोळाव्या शतकातले. जानेवारीतल्या तिथल्या फेस्ताला ईस्ट इंडियन कुटुंबांबरोबर कोळी बांधवांचीही गर्दी असते. मढ गावात हरबादेवीचे मंदिर आहे, किल्ल्याजवळ किल्लेश्वर. मधल्या वस्तीत ओटा, उतरते कौलारू छप्पर, जाळी दुरुस्त करायला आणि मासळी वाळवायला मोकळे अंगण अशी घरे अजून दिसतात. एखादा पोर्तुगीज अधिकारी इथे किती वर्षे राहिला यापेक्षा हे अंगण एवढे मोठे का, ही गोष्ट पर्यटकाला जास्त काही शिकवेल. आणि ती सांगायला बाहेरचा गाइड लागत नाही.

मात्र घाई करावी लागेल. वर्सोवा आणि मढ जोडणारा पूल प्रस्तावित आहे. तो झाला की आजचा वळसा संपेल आणि जमिनीचा भाव आजचा राहणार नाही. पूल हवाच, अशी अनेक गावकऱ्यांची भावना असेल तर ती समजण्यासारखी आहे. रात्री रुग्णालय गाठायचे असते तेव्हा फेरीबोट उपयोगाची नसते. पण पुलाआधी घरांची साधी नोंद तरी होऊ शकते. कोणते घर, अंदाजे कधीचे, लाकूड-कौले कुठली, कोण काय काम करत होते, चारही बाजूंचे फोटो. हे काम एखाद्या महाविद्यालयाचे आर्किटेक्चरचे विद्यार्थी आणि गावातली चार तरुण मुले मिळून एका हिवाळ्यात करू शकतात. लोकांना घरात घ्यायचे की ओट्यापर्यंतच, महिन्यातून किती दिवस, पैसे कोणाला मिळणार, हे ठरवण्याचा हक्क मात्र त्या घरात राहणाऱ्यांचाच असायला हवा.

तोवर मढचा किल्ला बाहेरूनच पाहावा. लष्करी परिसर असल्याने फोटो आणि ड्रोनबाबत तिथल्या सूचना पाळाव्यात. मणिभवन आणि राजगृहाच्या वेळा, राज्यपाल निवासाची नोंदणी हे निघण्याआधी तपासून घ्यावे. आणि मढला परतायचे असेल तर वर्सोव्याची शेवटची फेरी किती वाजता आहे तेही.