नागझिऱ्यात ऐकलेली ‘आजी’

1993 साली नागझिरा अभयारण्य भंडारा जिल्ह्यातच होतं. गोंदिया जिल्हा वेगळा निघाला तो 1 मे 1999 ला. त्यामुळे ‘तुंबाड’ या चित्रपटाचं मूळ कोकणात शोधणाऱ्यांना आम्ही भंडारेकर हक्काने सांगू शकतो, की त्याची पहिली ठिणगी आमच्या जंगलात पडली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे तेव्हा चौदाच्या आसपासचे. नागझिऱ्यात एका मित्राने त्यांना नारायण धारपांची एक भयकथा सांगितली. ती डोक्यातून गेली नाही, आणि 1997 मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांनी पहिला खर्डा लिहून काढला. त्याच वर्षी तिकडे इंग्लंडात हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक आलं. अंगात गुप्त शक्ती असलेला पोरगा जगभर घरोघरी पोचला तो तेव्हापासून.

धारपांची ती गोष्ट म्हणजे ‘आजी’. तिचं बीज स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या 1984 च्या कथेतलं. अकरा वर्षांचा जॉर्ज अंथरुणाला खिळलेल्या आजीपाशी घरात एकटा राहतो. आई बाहेर गेलेली, फोन बंद, बाहेर अंधारून येतंय. आजीला कधीकाळी काय काय येत होतं, हे घरातल्या दबक्या बोलण्यांतून त्याने तुकड्यातुकड्याने ऐकलेलं. शेवटी आजी जाते. पण तिच्याजवळ जे होतं ते जात नाही, नातवात उतरतं. आणि तो त्या शक्तीचा पहिला वापर करतो तो आपल्याच मावशीवर. अद्भुताच्या बाजारात नंतर आलेल्या शेकडो कादंबऱ्यांत शक्ती मिळालेला पोरगा जग वाचवायला निघतो. हा पोरगा ती घरच्याच माणसावर चालवतो. मला तो जास्त खरा वाटतो.

रूपांतर म्हणून या परंपरेला नाकं मुरडायचं कारण नाही. दातारशास्त्र्यांनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स मराठीत आणला आणि दोन-तीन पिढ्यांच्या झोपा उडवल्या. धारपांनी किंगला वाड्यात, माजघरात, देवघरात आणून बसवलं; ‘लुचाई’ वाचताना ही गोष्ट अमेरिकेतल्या खेड्यातून आली आहे याची आठवणही होत नाही. पण धारपांच्या जगात एक गोष्ट ठरलेली दिसते. पोरांना झपाटलं जातं आणि त्यांना सोडवायला ‘समर्थ’ या त्यांच्या नायकासारखा मोठा, साधनेतला माणूस येतो. शक्ती वडीलधाऱ्यांकडे आणि पीडा लहानांकडे! ‘आजी’ त्याला अपवाद, म्हणूनच कदाचित चौदा वर्षांच्या मुलाला ती इतकी लागली.

कुमारवयीन मुलांसाठी लिहिणारे दुसऱ्या वाटेने गेले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, हाडकुळा, सायकलवर सुसाट. त्याच्याकडे जादू नाही, फक्त डोकं आणि धिटाई. त्या वाटेने मराठी पोरांचं भलंच केलं. मात्र अद्भुताची भूक राहिली, ती ‘चांदोबा’तल्या वेताळावर आणि पुढे ‘हॅरी पॉटर आणि परीस’सारख्या अनुवादांवर भागली.

शक्ती लाभलेल्या पोरांची अद्भुत कादंबरी आपल्याकडे का रुजली नाही, याचं उत्तर मला पुण्या-मुंबईपेक्षा आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्याकडे जास्त सापडतं. पूर्व विदर्भात ‘हिच्यात काहीतरी आहे’ हे वाक्य कौतुकाचं नाही. पोरीच्या अंगात आलं की तिला मांत्रिकापुढे बसवतात. एखाद्या म्हातारीवर जादूटोण्याचा संशय आला की तिचं गावात जगणं कठीण होतं. श्याम मानव यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती 1982 साली नागपुरात उभी राहिली ती उगाच नाही. याच चळवळीतल्या डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. जिथे गुप्त शक्तीचा नुसता संशय माणसाला मारहाणीपर्यंत नेऊ शकतो, तिथला लेखक ती शक्ती आपल्या नायिकेला सहजासहजी कशी देईल? (शहरातल्या पालकांनी मात्र मुलांना डोळे बांधून वाचायला शिकवणाऱ्या वर्गांना बिनदिक्कत फी भरली, हेही नोंदवून ठेवायला हवं.)

पण नेमकी इथेच कादंबरी आहे. सिहोऱ्यातली नववीतली एक पोरगी धरा. घरी धानाची बांधी, रोवणीच्या दिवसांत शाळेला दांडी. जवळच चांदपूरचा तलाव, ज्यात बावनथडीचं पाणी सोंड्याटोल्याहून उपसून आणतात. नदीपलीकडे मध्य प्रदेश. तिला पाण्यातलं काही ऐकू येतं, आणि ते कोणाला सांगायचं नाही हे आजीने बजावलेलं. राक्षसाची तिला धास्ती नाही. धास्ती आहे ती शेजारच्यांना कळण्याची. इंग्रजी कादंबरीतल्या मुलांना एवढा मोठा धोका क्वचितच असतो. भाषाही हाताशी आहे: साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी इथल्या झाडीबोलीचं काम आयुष्यभर केलं, शब्दकोश केला. ती बोली दंडारीत आणि झाडीपट्टीच्या नाटकांत ऐकू येते. कुमारांच्या अद्भुत कादंबरीत मला ती अजून भेटलेली नाही.

‘तुंबाड’ 12 ऑक्टोबर 2018 ला लागला, तेव्हा धारपांना जाऊन दहा वर्षं झाली होती. मराठी लेखकाची गोष्ट, कोकणातलं मराठी ब्राह्मण घर, नाव पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून घेतलेलं, आणि चित्रपट हिंदी. 13 सप्टेंबर 2024 ला तो पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. म्हणजे प्रेक्षक आहे, वाचकही असणार. सिहोरा-तुमसरकडचं कोणी नववी-दहावीच्या पोरांसाठी हे लिहायला बसणार असेल, तर एक विनंती: शेवटी मांत्रिकाला जिंकू देऊ नका.