सुतार जेवायला येतो

आमच्या परसात शेवग्याचं एक जुनं झाड आहे. त्याखाली मी पाण्याचं परळ आणि थाळीत बाजरी ठेवतो. चिमण्या येतात, होले येतात, साळुंक्या तर हक्कानं. पण शेवग्यावरचा सोनपाठी सुतार थाळीकडे ढुंकूनही पाहत नाही. लाजत असेल, असं वाटून मी खोबऱ्याची वाटी टांगली. ती खारीनं पळवली.

मग एका सकाळी चहा घेऊन नुसता बसून राहिलो. सुतार बुंध्याला खालच्या बाजूला चिकटला. ताठ शेपटी तिसऱ्या पायासारखी टेकवून झटक्याझटक्यानं वर चढला. एक टोला, थोडा थांबा, पुन्हा टोला. साल उचकटली आणि लांब, चिकट जीभ फटीत गेली. मुंग्या! त्याचा मुख्य आहारच तो. कधी फळ, कधी फुलातला मध. बाजरी कशाला खाईल? या जिभेला आधार देणारी लवचीक हाडं कवटीच्या मागून वळसा घालून डोक्यावर येतात.

अम्मी तुरा दिसला की कुठल्याही पाखराला हुदहुद म्हणायची. पुष्कळजण उलट हुदहुदालाच सुतार समजतात. हुदहुद मात्र जमिनीत चोच खुपसून किडे शोधतो.

‘त्याचं डोकं दुखत नाही?’ नातीनं विचारलं. कवटीत गादी असते, ती धक्का शोषते, असं आपण वाचत आलो. बेल्जियममधल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यानं टिपून 2022मध्ये ते खोडून काढलं. डोकं हातोड्यासारखं कडकच राहतं. धक्का शोषला, तर घावच वाया जाईल! मेंदू इतका लहान, की त्याला इजा होत नाही.

शेवग्याची वाळलेली फांदी पावसाआधी तोडायचं घरात ठरलं होतं. शेवग्याचं लाकूड ठिसूळ. शेजाऱ्यांचे पत्रे फुटतील ही भीती खोटी नव्हती. पण तिच्यात मुंग्या होत्या, आणि मादीनं बुडाशी भोक कोरायला घेतलं होतं. कपाळ काळं, त्यावर पांढरे ठिपके, म्हणून मादी. नराचं कपाळही लाल असतं. दोन दिवस घरात अबोला. शेवटी पत्र्यांवरचा भाग तोडला, भोकाचा हातभर ठेवला.

दुसऱ्या सकाळी मादी आली. कापलेल्या टोकावर दोन टोले मारून पाहिले, मग उलट्या पावलांनी भोकाशी उतरली. बाजरी आता होल्यांसाठीच ठेवतो.