पुस्तकं वाचणारा हेर

समजा, ऑफिसातल्या सगळ्यांसाठी खायला आणायची आज तुमची पाळी आहे. बाहेर पाऊस, म्हणून तुम्ही मागच्या दाराने सटकलात. थोड्या वेळाने परत येता तर आत एकही माणूस जिवंत नाही. आता फोन कुणाला करणार? हेड ऑफिसला? आणि मारेकरी तिथूनच पाठवले असतील तर?

१९७५ साली आलेल्या सिडनी पोलॅकच्या ‘थ्री डेज ऑफ द काँडोर’ची ही सुरुवात. रॉबर्ट रेडफर्डचा जो टर्नर सीआयएत आहे, पण त्याचं काम काय, तर पुस्तकं वाचणं! कादंबऱ्यांमध्ये कुठे खरे कट, खऱ्या युक्त्या सापडतात का, ते शोधायचं. बंदूक चालवण्याची त्याला सवय नाही. म्हणूनच तो आपल्याला आपल्यातला वाटतो. वाचलेलं आठवून आणि टेलिफोनच्या तारांचं ज्ञान वापरून तो जीव वाचवत राहतो.

यातली भीती हवेतून आलेली नव्हती. १९७४च्या ऑगस्टमध्ये वॉटरगेटमुळे निक्सनना राष्ट्राध्यक्षपद सोडावं लागलं. त्याच डिसेंबरमध्ये सीआयएने आपल्याच नागरिकांवर पाळत ठेवल्याची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापली. सिनेमा लागला, तेव्हा सिनेटची चर्च समिती चौकशी करत होती. प्रेक्षकांनी हे सगळं पेपरात वाचलेलंच होतं.

आणि मॅक्स फॉन सिडोचा मारेकरी! ना आरडाओरडा, ना द्वेष. खून हा त्याचा नोकरीधंदा, बस्स. त्याची सभ्यताच जास्त अंगावर येते.

पण म्हणून सिनेमाला सगळं माफ नाही हं! टर्नर कॅथी नावाच्या फोटोग्राफरला बंदुकीच्या धाकाने तिच्याच घरी नेतो, बांधून ठेवतो आणि पुढच्या काही तासांत दोघं प्रेमात! तिने काढलेले ओसाड, निर्मनुष्य फोटो दाखवून दोघांचं एकटेपण जुळवायचा प्रयत्न केलाय. फे डनवे जीव ओतते, तरी पटत नाही. आज तर खटकतंच. दुसरं म्हणजे मूळ कट. मध्यपूर्वेतल्या तेलाचा मामला शेवटी दोन-चार संवादांत उरकलाय. एवढ्यासाठी अख्खं ऑफिस संपवलं? असं वाटत राहतं.

तरीही बघाच. ‘कॅप्टन अमेरिका : द विंटर सोल्जर’ (२०१४) आवडला असेल, तर नक्कीच. आपल्याच संस्थेपासून पळणारा नायक तिथेही आहे आणि रेडफर्डही आहे, फक्त टेबलाच्या पलीकडच्या बाजूला.

आणखी एक कारण आहे. ‘सत्य दडपलं जातंय, लगेच पुढे पाठवा’ असले मेसेज आपल्याला रोज येतात. आपण संशय घेतो आणि फॉरवर्ड करून मोकळे होतो. टर्नरही सगळ्यांवर संशय घेतो. पण तो फोन करून बघतो, माणसं पारखतो, धागे जुळवतो. शेवटी हाती आलेलं सगळं घेऊन तो जिथे जातो, तिथे त्याला एक साधा प्रश्न विचारला जातो. तो प्रश्न इथे सांगत नाही. पण सिनेमा संपल्यावर तुमचं उत्तर काय, ते एकदा मित्रमैत्रिणींसमोर मांडून बघा. आणि हो, कॅथीवरून भांडणही होऊ द्या!